हलकी सायकल आणि जड हिशेब

एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने एक बातमी दिली होती. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यातील इंजिनासाठी कार्बन-कार्बन या संमिश्र पदार्थाचे नोझल विकसित झाले होते. कोलंबियम मिश्रधातूच्या जुन्या भागाऐवजी ते वापरल्यास त्या भागाचे वजन सुमारे ६७ टक्क्यांनी घटेल आणि प्रक्षेपकाची वहनक्षमता १५ किलोपर्यंत वाढेल, असे त्या बातमीत म्हटले होते. पंधरा किलो हा आकडा सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल. उपग्रहाच्या आराखड्यावर ग्रॅमाग्रॅमासाठी झगडणाऱ्या अभियंत्याला मात्र तो मुळीच किरकोळ वाटणार नाही.

योगायोग असा, की आपल्याकडे विकली जाणारी साधी माउंटन बाइकही चौदा-पंधरा किलोचीच असते. ती तेरावर, मग बारावर कशी आणता येईल या विवंचनेत असलेले अनेक तरुण मला विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत भेटतात. त्यांच्या बोलण्यात कार्बन, टायटॅनियम, ‘एअरोस्पेस ग्रेड’ हे शब्द सहज येतात, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत तर ते ठळक अक्षरांतच असतात. ६०६१ क्रमांकाचा ॲल्युमिनियम मिश्रधातू विमानांत वापरतात, हे खरेच आहे. तोच शिड्यांत आणि होड्यांतही वापरतात, हे मात्र कोणी छापत नाही.

सायकल हलकी करण्याला माझा विरोध नाही. अग्निबाणाचे गणित सायकलला लावून त्यावर पैसे आणि कधीकधी सुरक्षितता उधळण्याला आहे. वजनात केलेल्या बचतीचे मोल पदार्थाच्या नावावर ठरत नाही. ते वजन कुठे होते आणि तिथे कोणते भौतिकशास्त्र चालते, यावर ते ठरते.

आधी अग्निबाणाकडे पाहू. वरच्या टप्प्याच्या सांगाड्यातून एक किलो काढला, की साधारण तेवढाच एक किलो उपग्रहासाठी मोकळा होतो. तो किलो कक्षेत पोहोचवण्यासाठी इंधन लागते, ते इंधन उचलण्यासाठी आणखी इंधन लागते, आणि हा गुणाकार घातांकाने वाढत जातो. म्हणून तिथे एका किलोसाठी वर्षानुवर्षे संशोधन करणे परवडते.

दुसरे उदाहरण डॉ. अब्दुल कलाम आवर्जून सांगत असत. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत पोलिओग्रस्त मुले पायांना तीन किलोंहून अधिक वजनाचे धातूचे कॅलिपर बांधून चालत होती. क्षेपणास्त्रांसाठी विकसित केलेल्या संमिश्र पदार्थातून कलामांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० ग्रॅमचे कॅलिपर तयार केले. वीस किलोच्या मुलाच्या पायावरचे तीन किलो म्हणजे शरीराच्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा. त्यातून पाय हा प्रत्येक पावलाला उचलायचा, पुढे फेकायचा आणि थांबवायचा अवयव. थांबवताना त्या वजनातली ऊर्जा स्नायूला परत मिळत नाही, ती वायाच जाते. इथे एकेका ग्रॅमचे मोल पावलागणिक मोजले जाते.

सायकल या दोहोंपेक्षा वेगळी आहे. इथे वजन चाकांवर विसावलेले असते, ते कोणी पावलागणिक उचलत नाही. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना वजनाचा परिणाम फक्त टायरच्या रोधातून जाणवतो. चढावर तो जाणवतो, पण सायकल, स्वार, पाण्याच्या बाटल्या आणि सामान यांच्या एकूण वजनाच्या प्रमाणात. पंच्याऐंशी किलोंपैकी एक किलो घटला, तर चढण्याचे काम सुमारे सव्वा टक्क्याने कमी होते. त्यापुढे कोणताही गुणाकार नाही.

सव्वा टक्का म्हणजे नेमके किती, हे पाहण्यासाठी लेहहून खारदुंगला गाठू. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. खारदुंगलावर वर्षानुवर्षे १८,३८० फुटांची पाटी होती, पण मोजमापांतून खिंडीची उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास निघते. पाटीवरचा आकडा आणि मोजलेला आकडा यांतला हा फरक ध्यानात असू द्या, पुढे तो उपयोगी पडेल. तर, चढ सुमारे १,८५० मीटरचा, अंतर सुमारे ४० किलोमीटर. स्वार ६५ किलोचा, सायकल १४ किलोची, सामान ६ किलोचे. विरळ हवेत स्वार सरासरी १२० वॅट शक्ती टिकवतो असे धरू. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे घरंगळताना होणारा रोध, भाराच्या एक टक्का, अर्थात गुणांक ०.०१० मानू.

उंची गाठायला सुमारे १५.४ लाख ज्यूल लागतात, टायरच्या रोधावर सुमारे ३.३ लाख, आणि इतक्या मंद वेगाला हवेवर फार तर अर्धा लाख. बेरीज सव्वाएकोणीस लाख ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे सुमारे साडेचार तासांची चढाई.

आता सायकलचे वजन एक किलोने कमी करू. वाचलेली ऊर्जा सुमारे २२ हजार ज्यूल, वाचलेला वेळ सुमारे तीन मिनिटे. साडेचार तासांत तीन मिनिटे! स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली, तर ही सारी बचत एखाद्या ग्लुकोज बिस्किटातून मिळणाऱ्या ऊर्जेएवढी भरते.

वजनाला हात न लावता टायर बदलला आणि गुणांक ०.०१० वरून ०.००७ वर आला, तर सुमारे एक लाख ज्यूल वाचतात. वेळेत ते चौदा मिनिटांच्या जवळ जाते. म्हणजे जरा चांगल्या रबराचा, योग्य दाब भरलेला टायर साडेचार किलोंच्या वजनकपातीची बरोबरी करतो. साडेचार किलो कमी करायचे तर जवळजवळ नवी सायकलच घ्यावी लागेल. नवा टायर मात्र एका संध्याकाळी चढवून होतो.

तिसरी तुलना तर पैशांच्या पलीकडची आहे. खारदुंगलावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. उंचीची सवय न होताच चढाई केल्याने शक्ती दहा टक्क्यांनी घसरली, तर अर्धा तास जातो. विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी दहा-अकरा किलोच्या सायकलवर निघणारा स्वार आणि दोन-तीन दिवस शांतपणे विसावून चौदा किलोच्या सायकलवर निघणारा स्वार, यांत मी दुसऱ्यावर भरवसा ठेवीन. वेळेचा मुद्दा तर आहेच, त्याहून मोठा मुद्दा जिवाचा आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘चाकावरचा एक ग्रॅम सांगाड्यावरच्या दोन ग्रॅमांसारखा असतो.’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. रिमजवळच्या वस्तुमानाला पुढे जाण्याची गतिज ऊर्जा द्यावी लागते, तेवढीच फिरण्याचीही द्यावी लागते. म्हणून वेग वाढवताना ते दुप्पट मोजले जाते. एकसारख्या वेगाने चढताना मात्र ते एकपटच असते. गुरुत्वाकर्षणाला चाक फिरते आहे की स्थिर आहे, याच्याशी देणेघेणे नसते. आकडेच पाहा. दोन्ही चाकांवरून मिळून ४०० ग्रॅम कमी केले आणि थांबलेली सायकल ताशी १८ किलोमीटरपर्यंत नेली, तर प्रत्येक वेळी १० ज्यूल वाचतात. जंगलवाटेवर दोनशे वेळा थांबून दोनशे वेळा वेग घेतला, तरी एकूण बचत २,००० ज्यूल, म्हणजे १२० वॅटच्या हिशेबाने सतरा सेकंद. स्पर्धेत सतरा सेकंदांना अर्थ असतो. रविवारच्या भटकंतीत त्यांची किंमत चहाच्या एका घोटाहून जास्त नाही.

हलके चाक खरोखर कामी येते ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण जाहिरातींत क्वचितच दिसते. माउंटन बाइकला सस्पेन्शन असते. खडकावर आदळून वर उडालेले चाक पुन्हा जमिनीला टेकवण्याचे काम स्प्रिंगचे. चाक जितके हलके, तितके ते जमिनीच्या उंचसखलपणाचा पाठलाग चपळाईने करते, आणि टायर जमिनीला टेकलेला असेल तरच वळणे आणि थांबणे हाती राहते. शिवाय हिमाचलातल्या किंवा गढवालातल्या वाटांवर सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडावा लागतो, पुढचे चाक उचलून दगडावर ठेवावे लागते. अशा वेळी पंच्याऐंशी किलोंचा हिशेब संपतो आणि हातात फक्त सायकलचे वजन उरते. तिथे दोन किलोंचा फरक खांद्याला नक्कीच कळतो. कॅलिपरचे गणित सायकलला लागू पडते ते नेमके इथे.

आता पदार्थांकडे वळू, कारण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत रंजक भौतिकशास्त्र याच ठिकाणी आहे. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, ॲल्युमिनियमची २.७. त्यांचे यंग गुणांक, म्हणजे ताणाला न जुमानण्याची ताकद, अनुक्रमे सुमारे २००, ११० आणि ७० गिगापास्कल. गुणांकाला घनतेने भागा. तिन्ही उत्तरे पंचविसाच्या आसपास येतील! वजनाच्या तुलनेत ताठपणा पाहिला, तर हे तिन्ही धातू जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. मग ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका कसा होतो? त्याचे उत्तर नळीच्या आकारात आहे. पोकळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाबरोबर फार वेगाने वाढतो. घनता कमी असल्याने ॲल्युमिनियमची नळी जाड व्यासाची करूनही हलकी राहते. पोलादाची तेवढ्या व्यासाची आणि तेवढ्याच वजनाची नळी केली, तर तिची भिंत इतकी पातळ होईल, की दगड लागताच डब्याच्या पत्र्यासारखी पोचेल. हलकेपणा असा धातू आणि भूमिती या दोघांच्या संगनमताने साधतो. म्हणून नुसते ‘टायटॅनियम’ असे लिहिलेले वाचून काहीच कळत नाही.

कार्बन तंतूंचा संमिश्र पदार्थ या रांगेतून खरोखरच वेगळा उभा राहतो. त्याची घनता सुमारे १.६, आणि तंतूंच्या दिशेने वजनाच्या तुलनेत त्याचा ताठपणा धातूंच्या तिप्पट असू शकतो. ‘तंतूंच्या दिशेने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आडव्या दिशेला हे बळ झपाट्याने घटते. म्हणून थरांची दिशा ठरवणे हीच या पदार्थाची खरी विद्या. अवकाश प्रयोगशाळेत अशा भागाची ध्वनिलहरींनी, क्ष-किरणांनी तपासणी होते. तुमच्या हँडलबारची तशी तपासणी कोणीही करत नाही. दगडावर आपटल्यावर ॲल्युमिनियम बहुधा वाकून दाखवते, कार्बनच्या आतले थर मात्र वरचा रंग शाबूत ठेवून सुटू शकतात. बोल्ट अंदाजाने आवळला तरी तेच. म्हणून कार्बनचा भाग घेणाऱ्याने टॉर्क पाना आधी घ्यावा, नाहीतर कार्बन घेऊ नये. ॲल्युमिनियमचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोलादाला ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी तो जवळजवळ अनंतकाळ सोसतो. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान लहान ताणांनीही ते हळूहळू थकत जाते. वजनासाठी अतिपातळ केलेला ॲल्युमिनियमचा हँडलबार म्हणूनच काही वर्षांनी, दिसायला ठाकठीक असला तरी, बदलावा.

वजन कमी करण्याचा मोह जिथे कटाक्षाने टाळावा, अशी एक जागा म्हणजे ब्रेक. खारदुंगलावर चढताना साठवलेले १५ लाख ज्यूल उतरताना कुठेतरी जायलाच हवेत. त्यांतले काही हवा आणि टायर खातात, उरलेल्यांची उष्णता ब्रेकच्या चकत्यांत होते. दोन्ही चकत्यांचे पोलाद मिळून २४० ग्रॅम धरू. उष्णता बाहेर पडायला मार्गच नसता आणि सारा भार ब्रेकवरच असता, तर केवळ शंभर मीटरच्या उतारात चकत्यांचे तापमान सुमारे ७०० अंशांनी चढले असते. ते तसे चढत नाही, कारण वारा त्यांना सतत थंड करतो. तरी लहान, जाळीदार, हलक्या चकतीत उष्णता साठवायला वस्तुमान कमी, ती बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी. चढावर वाचलेल्या पन्नास ग्रॅमांनी फार तर दहा सेकंद मिळतील. त्याच पन्नास ग्रॅमांची उणीव उतारावर तापून निसटणाऱ्या ब्रेकच्या रूपाने कळेल, आणि तेव्हा बाजूला दरी असेल.

मग करावे काय? माझे मत विचाराल तर क्रम असा असावा.

पहिले काम फुकटचे. साइड स्टँड, न लागणारे मडगार्ड, वजनदार कुलूप, अर्ध्या वाटेत परत भरता येणारी दुसरी बाटली. एवढ्यानेच एक ते दीड किलो कमी होऊ शकतो.

दुसरे काम टायरचे. तारेच्या कडेऐवजी घडी घालता येणारा टायर घेतला, तर प्रत्येकी शंभरएक ग्रॅम सहज वाचतात. ट्यूब काढून सीलंट घातले, तर वजनातली बचत बेताचीच होते. खरा लाभ म्हणजे कमी दाबावर चालवता येते, पकड सुधारते आणि काट्याने होणारी बरीचशी पंक्चरे आपोआप बुजतात. मात्र हलकेपणाच्या हव्यासाने कागदासारख्या पातळ भिंतीचा टायर घेऊ नये. धारदार खडीने त्याची बाजू फाटली, की वाचलेल्या तीन मिनिटांची दोन तासांची पायपीट होते.

तिसरे काम पुढच्या फोर्कचे. स्वस्त सायकलींवरचा पोलादी स्प्रिंगचा फोर्क सुमारे अडीच किलोचा असतो, हवेवर चालणारा चांगला फोर्क दोन किलोंच्या आत बसतो. इथे अर्ध्या ते एक किलोची बचत आहेच. शिवाय हवेचा दाब स्वाराच्या वजनानुसार ठरवता येतो. पन्नास किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या मुलाला एकच स्प्रिंग देणे, हा स्वस्त फोर्कचा मोठा दोष. म्हणून मी या खर्चाकडे वजनाच्या दृष्टीने पाहत नाही, नियंत्रणाच्या दृष्टीने पाहतो.

चौथे काम गिअरचे. पुढच्या तीन चेनरिंगांऐवजी एकच ठेवून मागची कॅसेट मोठी घेतली, तर पुढचा डिरेल्युअर, त्याची केबल आणि शिफ्टर हे सारे जाते आणि काहीशे ग्रॅम कमी होतात. पण सर्वांत हलका गिअर आधीइतकाच हलका राहील याची खात्री करूनच हे करावे. हिमालयी चढावर गुडघे वाचवणारा गिअर शंभर ग्रॅमांपेक्षा मोलाचा आहे.

टायटॅनियमचे बोल्ट, कार्बनचा सीटपोस्ट, पोकळ पिनांची साखळी ही मंडळी यानंतरची. त्यांच्यासाठी एक साधी कसोटी आहे: वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमला किती रुपये पडले? समजा, आठ हजारांच्या हँडलबारने शंभर ग्रॅम वाचले, तर ग्रॅमला ऐंशी रुपये. खारदुंगलाच्या हिशेबाने शंभर ग्रॅम म्हणजे अठरा सेकंद. हा सौदा ज्याला आवडेल त्याने खुशाल करावा, छंदाला हिशेबाची सक्ती नसते. पण कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि ती वेळेवर हाती पडेल याची शाश्वती नाही. अशा विद्यार्थ्याने अर्ध्या महिन्याची कमाई चाकांच्या जोडीवर घालण्यापूर्वी हा भागाकार एकदा करावा, एवढेच माझे सांगणे. हेल्मेट, ब्रेक पॅड आणि टायर यांचे पैसे बाजूला ठेवल्यावर जे उरेल, ते ग्रॅमांवर खर्चावे.

शेवटी मुद्दा मोजण्याचा. खिंडीवरची पाटी, जाहिरातीतले विशेषण आणि मित्राचा अनुभव, या तिघांनाही मोजमापाची कसोटी लावता येते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शांत हवेच्या दिवशी महाविद्यालयाच्या सपाट रस्त्यावर सायकल सेकंदाला दोन मीटर वेगाने आणा, पेडल थांबवा आणि ती कुठवर घरंगळते ते टेपने मोजा. हवेचा रोध वगळला, तर ०.०१० गुणांकाच्या टायरवर ती सुमारे २० मीटर जाईल, ०.००७ वर सुमारे २९ मीटर. नऊ मीटरचा फरक डोळ्यांनाही दिसतो. रस्त्याचा नकळत असलेला उतार नाहीसा करायला दोन्ही दिशांनी प्रयोग करा, दहा वेळा करा, सरासरी काढा, विचलन काढा. मग पाठीवरच्या पिशवीत एक लिटर पाणी भरून, म्हणजे एक किलो वाढवून, हेच पुन्हा करा. सिद्धांत सांगतो, की अंतर जवळजवळ तेवढेच येईल, कारण वजन वाढले की रोधही त्याच प्रमाणात वाढतो. सांगाड्यावर खडूने काय लिहिले आहे यापेक्षा या दोन तक्त्यांतून सायकलबद्दल अधिक कळेल.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत लोलक आणि स्प्रिंग यांच्या जोडीला हा प्रयोग का नसावा? विद्यार्थ्याकडे सायकल असते, रस्ता असतो, आणि उत्तर त्याच्या खिशाशी निगडित असते. इस्रोच्या नोझलची बातमी वाचून अभिमान वाटणे साहजिक आहे. तो अभिमान सार्थ व्हायचा असेल, तर त्या अभियंत्यांनी प्रत्येक ग्रॅमला जो प्रश्न विचारला, तोच आपणही विचारायला हवा: हा ग्रॅम इथे नेमके काय काम करतो आहे? उत्तर मोजून आले, तर तो ग्रॅम ठेवावा की काढावा, हे ठरवायला जाहिरातीची गरज उरत नाही.